लघवी शिंकेला सुटते की घाईला?

गुडघेदुखीचा केसपेपर घेऊन माझ्याकडे, फिजिओथेरपीला, आलेली पन्नाशीतली एक बाई. व्यायाम झाल्यावर टेबलावरून उतरताना तिला शिंक येतेय असं वाटलं. तिने आधी पायात पाय अडकवले, मांड्या गच्च आवळल्या आणि मगच शिंकली. मी हळूच विचारलं, "ताई, किती वर्षं होतंय असं?" पडद्याकडे बघत ती म्हणाली, "धाकट्याच्या बाळंतपणापासून, मॅडम. तो आता बावीसचा आहे."

त्याच आठवड्यात दुसरी आली. नळाखाली भांडी घासायला हात घातला की हिला एकदम जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोचायच्या आतच साडी भिजते. जंतुसंसर्गाच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले होते, लघवीचा रिपोर्ट मात्र स्वच्छ होता. दोघींच्या कागदावर शब्द एकच, 'लघवीचा त्रास'. पण दुखणी दोन होती आणि उपायही दोन.

पहिलीचा त्रास ताणाचा. कमरेच्या हाडांच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठता, डोक्यावरचं ओझं यांनी आणखी सैल पडते. मग खोकताना, हसताना, हंडा उचलताना पोटातला दाब वाढला की लघवीची वाट बंद राहत नाही. थोडीशीच गळते, आणि बहुतेक वेळा आधी लागल्याची जाणीवही नसते.

दुसरीचा त्रास घाईचा. इथे पिशवी पुरती भरण्याआधीच तिचा स्वतःचा स्नायू आकुंचन पावतो. पाण्याचा आवाज, गार पाण्यातले हात, घराचं कुलूप उघडताना हातातली किल्ली, एवढंही पुरतं. आधी अनावर कळ, मागून लघवी, आणि तीही बरीच. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न 'किती गळते' हा नसावा, 'गळण्याच्या आधी काय झालं' हा असावा. शिंक की कळ? काही जणींना दोन्ही असतं, तेव्हा जे जास्त छळतं त्यापासून सुरुवात करायची.

ताणाच्या त्रासाला झोळीचा व्यायाम. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला, म्हणून त्याला केगल म्हणतात. वारा सुटू नये म्हणून आपण मागची जागा आवळतो, तसं आवळून ते पुढे लघवीच्या जागेपर्यंत वर ओढायचं, धरायचं, आणि मग पूर्ण सोडायचं. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने, आणि तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. देखरेखीवर माझाही भर आहे, कारण 'आवळा' म्हटलं की बऱ्याच जणी नकळत खाली जोर देतात आणि झोळी आणखी ताणतात. काहींचे स्नायू मुळातच आखडलेले असतात. त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं. मोबाइलवरच्या व्हिडिओला यातलं काहीच दिसत नाही.

घाईच्या त्रासाला पिशवीला वळण लावायचं, किमान ६ आठवडे. आधी तीन दिवस वहीत लिहायचं: किती वाजता गेले, काय प्यायले, कधी भिजलं. मग दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. कळ आली की धावायचं नाही. जागीच थांबून पाच-सहा वेळा पटपट आवळायचं आणि कळ ओसरली की चालत जायचं. चहा कमी करायचा, पाणी नाही. प्रवासाला निघताना पाणीच बंद करणाऱ्या बायका मी रोज बघते. त्याने लघवी दाट होते आणि पिशवी जास्त चिडते.

जळजळ, ताप, लघवीत रक्त असेल तर आधी डॉक्टर. बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर दिवसरात्र सतत गळत असेल तर फिस्टुला, म्हणजे लघवीच्या वाटेला पडलेलं भोक, असू शकतो. तिथे व्यायामाने काही होत नाही.

आणखी एक घोटाळा आपल्या भाषेतच आहे. लघवीची ती पिशवी आणि गर्भाची तीही पिशवी. "पिशवीचा त्रास आहे" म्हटलं की "काढून टाका" हे उत्तर फार लवकर येतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांच्या सरकारी पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारणं अनेक असतील, पण गर्भपिशवी काढणं हा लघवी गळण्यावरचा इलाज नाही, ताणाच्याही नाही आणि घाईच्याही नाही.

इलाज स्वस्त आहे, यंत्र लागत नाही. अडतं ते दारापाशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा फिजिओथेरपिस्ट नसते, जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं, म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. तिथे फिजिओथेरपीची खोली मान-कंबर-गुडघ्यांनी भरलेली, मध्ये एक पडदा, पलीकडे पुरुष रुग्ण. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जिथे तपासणीपर्यंतच पोचणं इतकं अवघड, तिथे पडद्याआडून हे दुखणं कोण बोलेल? मला आतून कडी लागणारं दार हवंय आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस हवाय. आशाताई बाळंतिणीकडे ४२व्या दिवसापर्यंत जातातच, बाळाचं वजन करताना आईला "खोकताना गळतं का?" एवढं विचारायला हवं.

तोवर, स्त्रीरोग विभागात गेलात तर 'लघवीचा त्रास' एवढंच सांगून थांबू नका. "खोकताना सुटते" किंवा "कळ आली की थांबत नाही" असं सांगा आणि केसपेपरवर फिजिओथेरपी लिहून मागा. मुंबईत केईएम, नायर आणि सायन, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे फिजिओथेरपीचे स्वतंत्र विभाग आहेत. तपासायला बाई हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे.