वेळ समुद्र ठरवतो : किनारा आणि अभयारण्यातल्या पक्षीनिरीक्षण सहलीबद्दल

आमच्या सहलीची निघायची वेळ दर खेपेला वेगळी असते. एका रविवारी गाडी पहाटे पाचला सुटते, पुढच्या रविवारी चांगली उन्हं वर आल्यावर. याबद्दल हमखास विचारणा होते, म्हणून आधी त्याविषयी.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. रानातले पक्षी उजाडलं की कामाला लागतात. चिखलात पोट भरणाऱ्यांना मात्र पाणी उतरण्याची वाट पाहावी लागते. ओहोटी रात्रीची असेल तर त्यातले बरेचसे रात्रीही टिपत फिरतात. त्यामुळे आम्ही कॅलेंडर उघडण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडतो. नवख्यांसाठी भरतीच्या आधीचे दोन तास सर्वात चांगले, कारण चढतं पाणी पक्ष्यांना ढकलत आपल्याजवळ आणतं. ओहोटीचा तळ गाठला असेल तर तेच पक्षी दूरवर ठिपक्यांएवढे दिसतात.

किनाऱ्यावर

इथे आपण बराच वेळ एकाच जागी थांबतो. कंटाळा येईल अशी भीती वाटत असेल तर चोचींकडे बघा. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावलं धावतो, थबकतो आणि काही हललं की टिपतो. शेजारचा तुतवार मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी टोचत पुढे जातो. कर्ल्यूची लांब, खाली वळलेली चोच बिळातल्या खेकड्यापर्यंत पोचते. गॉडविटची चोच मुळापर्यंत वाळूत रुतली तरी तिचं नुसतं टोक उघडू शकतं, त्यामुळे किडा आतल्या आत पकडता येतो. रेड नॉटची तऱ्हा तर थक्क करणारी. ओल्या वाळूत चोच खुपसली की पाण्याच्या दाबातल्या फरकावरून त्याला पुरलेला शिंपला कळतो. दिसावा लागत नाही. एवढ्या जाती एकाच चिखलावर पोट भरू शकतात, त्याचं एक मोठं कारण या चोचींमध्ये आहे.

लाटेच्या काठाने मागेपुढे पळणारा फिकट, चिमुकला पक्षी म्हणजे सँडरलिंग. दुर्बीण त्याच्या पायांवर न्या. इतर तुतवारांना असतं ते मागचं छोटं बोट त्याला नाही.

कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, नावांवरून मात्र पहिल्याच दिवशी डोकं शिणवू नका. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला चारेक वर्षं लागतात आणि तोवर दरवर्षी रूप पालटतं.

अभयारण्यात

भरतीने चिखल बुडाला की थवे विसाव्याला जातात, कधी वाळूच्या उंच दांड्यावर, कधी अभयारण्यातल्या उथळ तळ्यांवर. बऱ्याच अभयारण्यांत बांध आणि दारं घालून तळ्याचं पाणी हवं तेवढंच ठेवतात. दिवसाचा हा भाग बहुधा गाडीतूनच होतो. उभ्या गाडीला पक्षी जेवढे बिचकतात त्याहून जास्त चालत्या माणसाला बिचकतात.

विसावलेला थवा उडवायचा नाही, या बाबतीत आम्ही कडक आहोत. फोटोसाठीसुद्धा सूट नाही. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून निघाला आणि ११ दिवस कुठेही न उतरता सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचला. अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागरावर दर मे महिन्यात रेड नॉट उतरतात, घोड्याच्या नालेसारख्या कवचाच्या हॉर्सशू खेकड्यांची अंडी खातात आणि दोनेक आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करून आर्क्टिककडे निघतात. अशा प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. आपल्यामुळे घेतलेली प्रत्येक भरारी त्यातूनच खर्च होते.

थवा अस्वस्थ झाल्याचं आधी कळतं. पिसं साफ करणं थांबतं, माना ताठ होतात, मग सगळे एकाच दिशेला चालू लागतात. माना वर झाल्या की आपण मागे सरायचं.

विणीच्या काळात चालताना ओल्या वाळूवरूनच चाला. सुरय (टर्न) आणि चिखल्या कोरड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात आणि ती पायाखाली आली तरी दिसत नाहीत. एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत समोरून जाऊ लागला तर घरटं जवळ आहे. तिथेच थांबा आणि आल्या पावली परत फिरा.

सोबत काय आणाल

८×४२ ची दुर्बीण, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलीमीटर भिंगाची, असेल तर उत्तम. टेलिस्कोप आमच्याकडे असतो. मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी आणि वाऱ्यासाठी जाकीट लागेल, उन्हाळ्यातसुद्धा. दुपारी वाळू तापली की हवा लहरते आणि महागड्या भिंगातूनही पिसं धूसर दिसतात. म्हणून दूरचं पाहणं आपण सकाळी उरकतो, तेही सूर्य पाठीशी ठेवून.

चिखलात कुणीही उतरायचं नाही. भरतीचं पाणी खाडीच्या फाट्यांतून आपल्या मागून शिरतं आणि परतीची वाट आधी बुडते. लहान मुलांचा हात धरलेला असू द्या. कुत्रा, ड्रोन आणि पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाईलवर लावलेले आवाज, हे तिन्ही सहलीत चालत नाहीत.

नुसता पाऊस असला तरी आपण जातो. विजा चमकत असतील किंवा वादळाचा इशारा असेल तर सहल पुढे ढकलतो, आणि नवी वेळ पुन्हा कोष्टक पाहूनच कळवतो.