इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून किरण आरपार?

‘प्रकाश काय नि क्ष-किरण काय, त्यांचा संबंध फक्त इलेक्ट्रॉनांशी, ते काढून घेतले की पदार्थ पारदर्शक’ हा समज बरीच वर्षं फिरतोय. किरणांना इलेक्ट्रॉनच हवा असं नाही, विद्युतभार हवा. तो अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉनकडेही आहे. मात्र प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण विखुरण्यात तो सुमारे ३४ लाख पटींनी मागे पडतो. लोकांनी या ‘फारच कमी’चं ‘शून्य’ करून टाकलं.

१९३४ साली चॅडविक आणि गोल्डहाबर या भौतिकशास्त्रज्ञांनी जड हायड्रोजनवर (ज्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो) गॅमा किरण सोडले, तर त्याचं केंद्रकच फुटलं: प्रोटॉन एकीकडे, न्यूट्रॉन दुसरीकडे. त्यासाठी सुमारे २.२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा लागते. यात इलेक्ट्रॉनचा काडीचाही हात नाही. इतकं लांब कशाला, १.५ टेस्ला चुंबकक्षेत्राच्या एमआरआय यंत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी शोषतात ती शरीरातल्या हायड्रोजनची केंद्रकंच.

राहिला न्यूट्रॉन. एकूण भार शून्य, पण आत क्वार्क नावाचे भारित सूक्ष्म कण आहेत आणि तो स्वतः छोटा चुंबकही आहे. त्यामुळे गॅमा किरण त्याच्यावरूनही विखुरतात. ‘इलेक्ट्रॉन नसलेला पदार्थ’ म्हणून न्यूट्रॉन ताऱ्याचा (मुख्यतः न्यूट्रॉनांनी बनलेल्या अतिघन ताऱ्याचा) दाखला तर देऊच नये, कारण त्यात इलेक्ट्रॉन असतातच.