आधी डोहात उतरा, मग कड्यावर चढा

आमच्या ग्रुपचा सह्याद्रीत एक ठरलेला डोह आहे. पाऊस संपला, धबधब्याची धार बारीक झाली आणि पाणी नितळ झालं की आम्ही तिथे जातो, आणि उडी मारायच्या आधी एक काम न चुकता करतो. सुतळीला दगड बांधायचा, दर फुटावर एक गाठ मारायची, आणि दोघांनी पोहत जाऊन जिथे पडणार आहोत तिथे आणि त्याच्या आजूबाजूला ती सुतळी तळापर्यंत सोडायची. मागच्या खेपेला, आदल्या वर्षी जिथे १३ गाठी आत गेल्या होत्या तिथे सुतळी ७ गाठींवरच सैल पडली. बुडी मारून चाचपलं तर खाली कपाटाएवढा धोंडा! वरून काहीच कळत नव्हतं, पाणी तसंच हिरवंगार आणि कडाही तोच.

धोंडा आला कुठून, तर पुराबरोबर. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकतं त्या दगडाचं वजन दुप्पट नाही, साधारण ६४ पट होतं, म्हणजे एका रात्रीचा लोंढा डोहाचा तळ नव्याने मांडून जातो. त्यामुळे "मी इथे लहानपणापासून उड्या मारतोय" या वाक्यावर माझा अजिबात विश्वास नाही, तळ त्याच दिवशी तपासायचा. आणि तो कड्यावरून तपासता येत नाही. नितळ पाणी वरून आहे त्यापेक्षा उथळच दिसतं, ४ मीटरचं पाणी सरळ खाली बघितलं तर ३ मीटर वाटतं, आणि गढूळ पाण्यात तर डोळ्यांना काहीच माहिती मिळत नाही.

आता उडीचं गणित बघू. ५ मीटरवरून, म्हणजे साधारण दीड मजल्यावरून उडी मारली तर पाण्याला टेकताना वेग ताशी ३५ किलोमीटर असतो, आणि १० मीटरवरून ५०. पण इजा होते ती किती अंतरात थांबलो त्यावरून. उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा, अंगावर स्वतःच्या वजनाच्या साधारण किती पट मार बसतो ते कळतं. ५ मीटरवरून पाय खाली, अंग ताठ ठेवून पडलात आणि २ मीटरमध्ये थांबलात तर अडीच पट, पोटावर आपटलात आणि ३० सेंटिमीटरमध्ये थांबलात तर १७ पट, आणि पाण्याच्या जेमतेम खाली असलेल्या खडकावर आपटलात तर १०० पटीच्या घरात. विहिरीत मुटका (गुडघे पोटाशी घेऊन उडी) मारायची सवय असलेले लोक डोहातही मुटका मारतात, पण उंची वाढली की तो पाठीचा मणका दाबतो. आणि अनोळखी पाण्यात सूर तर कधीच नाही, कारण मग खडकाला आधी डोकं लागतं आणि मोडते ती मान. २७ मीटरवरून उड्या मारणारे स्पर्धेतले हाय डायव्हरसुद्धा पाण्यात पायांवर उतरतात, तेही मोजलेल्या पाण्यात आणि खाली बचाव डायव्हर थांबलेले असताना.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती धारेखालच्या पांढऱ्या, फेसाळ पाण्याची. गावोगावी म्हातारी माणसं सांगतात की डोहात साती आसरा असतात, धारेखाली जाऊ नका, त्या आत ओढतात. पट्टीचा पोहणारा डोळ्यांदेखत गेलेला त्या माणसांनी बघितलेला असतो, आणि तिथे जाऊ नका हा त्यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. होतं असं की छाती भरून श्वास घेतला तरी आपलं शरीर पाण्यापेक्षा जेमतेम दोन-तीन टक्के हलकं असतं, तेवढ्यावरच आपण तरंगतो. धारेखालच्या फेसात नुसती दहा टक्के हवा मिसळलेली असली की ते पाणी आपल्यापेक्षा हलकं होतं आणि माणूस खाली जातो. हात मारले तरी पकड मिळत नाही, कारण हातात पाण्याबरोबर हवाच येते. त्यात धार तळाला आपटून पुढे सरकते, काही अंतरावर वर येते आणि वरचं पाणी परत धारेकडे फिरतं. या चक्रात सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने पोहतो आणि पुन्हा धारेखालीच येतो. सुटायची त्यातल्या त्यात बरी शक्यता बाजूला सरकण्यात, नाहीतर तळाजवळून बाहेर जाणाऱ्या प्रवाहाबरोबर जाण्यात असते, पण घाबरलेल्या माणसाला श्वास नसताना हे सुचेल असं धरून चालू नका. फेसामुळे मार कमी बसतो हे खरं आहे, पण त्यासाठी तिथे उडी मारणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कड्याकडेही नीट बघायला हवं. आपला बेसॉल्ट पायऱ्यापायऱ्यांचा, खालची पायरी बऱ्याचदा वरच्यापेक्षा पुढे आलेली असते. १० मीटर पडायला जेमतेम १.४ सेकंद लागतात, तेवढ्यात चालीच्या वेगाने टाकलेलं पाऊल तुम्हाला फार तर दोन मीटर पुढे नेतं, आणि शेवाळावरून पाय घसरला तर तेवढंही नाही.

२०२४ च्या जूनअखेर ताम्हिणीत एकाने कुंडात उडी मारली, तो कडेला पोचलाही, खडकाला हात लागला होता, आणि प्रवाहाने त्याला ओढून नेलं. तो व्हिडिओ अनेकांनी बघितला असेल. म्हणून उडीच्या आधी बाहेर यायची वाट ठरवायची, आणि स्वतः पोहून बघायची. पावसाळ्यात तर उडीचा विषयच नको, कारण वरच्या एका चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ५ कोटी लिटर पाणी होतं, आणि डोहावर ऊन असताना ते खाली येऊ शकतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला यायला लागला, धबधब्याचा आवाज बदलला तर सामान गोळा करत बसायचं नाही, थेट वर चढायचं.

आम्ही एका वेळी एकच जण उडी मारतो. एक जण फेसापासून लांब, पाण्याच्या कडेला मोकळा दोर घेऊन उभा असतो, दारू प्यायलेला त्या दिवशी फक्त बसतो. कुणी अडकला तर त्याच्या मागे उडी मारायची नाही, दोर फेकायचा. उडीनंतर कुणी मान दुखते म्हणाला किंवा हातापायाला मुंग्या आल्या म्हणाला तर त्याला हाताला धरून ओढायचं नाही, पाण्यातच उताणा तरंगत ठेवायचा, डोकं आणि पाठ एका रेषेत धरायची आणि चार-पाच जणांनी मिळून सावकाश बाहेर घ्यायचा. १०८ लावायला रेंज कुठल्या वळणावर येते ते आम्ही जातानाच बघून ठेवतो, आमच्या डोहापासून ती जागा वीस मिनिटं लांब आहे.