क्वाडचे पहिले तीन सेकंद आणि मातीची सहनशक्ती

अमेरिकेतील ‘ग्रँड नॅशनल क्रॉस कंट्री’ या मालिकेत क्वाड बाइकची शर्यत सुरू होण्यापूर्वीचे काही क्षण पूर्ण शांततेचे असतात. मोकळ्या मैदानात चार चाकांच्या या गाड्या एका रांगेत उभ्या असतात, स्वार खोगिरावर बसलेले असतात आणि सर्व इंजिने बंद असतात, कारण बंद इंजिनाने आरंभ करणे हा तिथला नियमच आहे. निशाण हलले की प्रत्येकाने इंजिन सुरू करायचे, गाडी हलवायची आणि मैदानाच्या टोकाला असलेल्या पहिल्या वळणाकडे धाव घ्यायची. पुढची सुमारे दोन तासांची शर्यत झाडीतून, चिखलातून आणि ओढ्यांतून होते, आणि तिथे पुढच्याला मागे टाकायला जागा फार थोडी मिळते.

पहिल्या वळणावर सर्वांच्या आधी पोचण्याला या खेळात ‘होलशॉट’ म्हणतात. दोन तासांच्या शर्यतीत पहिल्या काही सेकंदांना एवढे महत्त्व का, असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर गाडीच्या आकारात आहे. शर्यतीची क्वाड सुमारे 1.2 मीटर रुंद असते. दुचाकीस्वार दोघांच्या मधून वाट काढू शकतो, पण क्वाडला दोन झाडांमधली संपूर्ण वाट लागते. शिवाय पुढच्या गाडीची मागची चाके माती आणि खडे उडवतात. कोरड्या दिवशी धूळ एवढी दाटते की मागच्याला वळण दिसत नाही, आणि ओल्या दिवशी चष्मा चिखलाने भरतो. आघाडीवर असलेल्या एकट्यालाच समोरची वाट स्वच्छ दिसते.

वेळेचा हिशेब आधी पाहू. दिसणाऱ्या इशाऱ्याला माणसाचे शरीर प्रतिसाद देते त्याला साधारण पाव सेकंद लागतो, आणि सरावाने तो थोडासाच कमी होतो. आता समजा की एखादी क्वाड दर सेकंदाला 4.5 मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवत आहे. तीन सेकंदांनंतर तिचा वेग ताशी 49 किलोमीटरच्या आसपास असेल आणि तिने सुमारे 20 मीटर अंतर कापलेले असेल. त्या क्षणी केवळ 0.1 सेकंदाचा उशीर म्हणजे जवळजवळ 1.3 मीटरची पिछाडी होय. गाडीची लांबी सुमारे 1.8 मीटर असते. म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतक्या दिरंगाईत शेजारच्या गाडीचे मागचे चाक आपल्या हँडलबारच्या पुढे गेलेले असते.

बंद इंजिनाच्या आरंभात या दिरंगाईत यंत्राचा वाटाही मिसळतो. अनेक शर्यतींच्या क्वाडवर इंजिन सुरू करण्याचे बटण डाव्या हाताशी असते, क्लचही डाव्या हातातच असतो आणि इंधन वाढवणारा थ्रॉटल उजव्या अंगठ्याखाली असतो. गाडी गियरमध्ये टाकून, डाव्या हाताच्या बोटांनी क्लच पूर्ण दाबून, त्याच हाताचा अंगठा बटणावर ठेवून स्वार वाट पाहतो. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. या गाड्यांचा क्लच तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा असतो. तेल थंड आणि दाट असेल तर क्लच दाबूनही चकत्या एकमेकींना थोड्या चिकटलेल्याच राहतात, आणि स्टार्टर मोटरला इंजिनाबरोबर चाकेही ओढावी लागतात. म्हणून अनुभवी स्वार रांगेत येण्यापूर्वी इंजिन नीट तापवतात. तापलेल्या इंजिनात इंधनाची वाफही सहज होते आणि पहिल्याच एक-दोन फेऱ्यांत ठिणगी पकडते. इंधन फवारणीच्या गाडीत किल्ली आधीच फिरवून पंपाने दाब तयार केलेला असावा लागतो. मनगटाला बांधलेली सुरक्षा दोरी नीट खोचलेली आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे लागते, कारण स्वार पडल्यास इंजिन बंद करणारी ही दोरी सैल असेल तर बटण कितीही दाबले तरी इंजिन सुरू होत नाही.

इंजिन सुरू झाल्यावर जे घडते ते मला या विषयातले सर्वांत रंजक भौतिकशास्त्र वाटते, कारण ते बहुतेकांच्या समजुतीला छेद देते. बघणाऱ्याला वाटते की ज्याचे इंजिन जास्त ताकदीचे तो पुढे जातो. आकडे काय सांगतात ते पाहू. यामाहाच्या वायएफझेड 450 आर या शर्यतीच्या प्रसिद्ध क्वाडचे वजन इंधनासह सुमारे 184 किलो आहे. साहित्यासह स्वाराचे 80 किलो धरले तर एकूण वजन 265 किलोच्या आसपास जाते. वर घेतलेल्या वेगवाढीसाठी सुमारे 1,190 न्यूटन एवढे बल पुरते. इंजिनातून मागच्या चाकांपर्यंत 25 किलोवॅट शक्ती पोचते असे मानले, तर एवढे बल ही गाडी ताशी 75 किलोमीटर वेग गाठेपर्यंत देऊ शकते, आणि तो वेग येईपर्यंत साडेचार सेकंदांहून अधिक वेळ गेलेला असतो. म्हणजे पहिल्या तीन सेकंदांत, गियर योग्य असेल तर, शक्तीची टंचाई नसतेच. टंचाई असते ती मातीच्या पकडीची. चाकाने मागे लोटलेले बल माती जेवढे सोसते, तेवढेच गाडीला पुढे नेते. त्याहून जास्त दिलेली शक्ती माती उडवण्यात खर्च होते.

माती किती सोसते, याचे पहिले स्पष्ट उत्तर फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल-ऑगस्टँ द कुलाँ याने 1773 मध्ये दिले. विद्युतभारांच्या नियमामुळे आपण त्याला ओळखतो, पण तटबंदीच्या भिंतींमागची माती का ढासळते हाही त्याचा प्रश्न होता. मातीचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकायला जो विरोध करतो, त्याचे त्याने दोन भाग केले. एक भाग कणांच्या आपसातल्या चिकटपणाचा, जो वरच्या भारावर अवलंबून नसतो. दुसरा भाग कणांच्या घर्षणाचा, जो भाराच्या प्रमाणात वाढतो. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे तिथे चाकावर जेवढा भार तेवढीच पकड. ओल्या चिकणमातीत चिकटपणाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे तिथे भारापेक्षा टायर जमिनीला किती क्षेत्रफळावर टेकतो हे निर्णायक ठरते. क्वाडच्या टायरमध्ये हवेचा दाब अवघा 4 ते 8 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवतात, तर मोटारीच्या टायरमध्ये तो 30 च्या पुढे असतो; त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. पुढे विसाव्या शतकात मिएचिस्वाव बेक्कर या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने चाक आणि जमीन यांच्या या नात्याला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले, आणि त्याचे काम चंद्रावर चाललेल्या अपोलो मोहिमेच्या गाडीच्या चाकांपर्यंत पोचले.

बेक्करच्या परंपरेतून आलेली एक गोष्ट स्वाराला थेट उपयोगी पडते. माती आपला पूर्ण विरोध लगेच दाखवत नाही. आधी ती थोडी सरकावी लागते. त्यामुळे चाक गाडीच्या वेगापेक्षा थोडे जास्त वेगाने फिरले पाहिजे. घट्ट जमिनीवर हे जास्तीचे फिरणे साधारण 10 ते 30 टक्के असताना पकड सर्वोच्च असते, आणि त्यापुढे गेल्यास थर तुटतो, पकड घसरते व चाक स्वतःच्याच खड्ड्यात उतरते. अजिबात न घसरणारे चाक आणि जागच्या जागी गरगरणारे चाक, दोन्ही सारखीच वाया जातात. म्हणूनच शर्यतीपूर्वी स्वार आपल्या जागेपासून पहिल्या वळणापर्यंत पायी चालत जातात. किंचित ओलसर, गडद रंगाची, दाबल्यावर घट्ट बसणारी माती कुठे आहे ते पाहतात, आणि जिथे मुभा असते तिथे मागच्या चाकांखालची सैल माती बुटाने बाजूला सारून जमीन तुडवून घट्ट करतात. वळणाला सर्वांत जवळची आतली जागा मिळवण्यापेक्षा चांगल्या मातीची जागा मिळवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आतली वाट आखूड असली तरी वळणावर सर्वांत जास्त गर्दी तिथेच होते.

यानंतर प्रश्न येतो तो स्वाराच्या शरीराचा. क्वाड मागच्या चाकांनी चालते, आणि वेग वाढत असताना पुढच्या चाकांवरचा भार मागे सरकतो. आपली गाडी 265 किलोची, चाकांमधले अंतर 1.27 मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंटिमीटर उंच आणि मागच्या आसापासून 60 सेंटिमीटर पुढे, असे उदाहरण घेऊ. जमीन सैल असेल आणि चाकाला त्याच्यावरील भाराच्या फक्त 60 टक्के एवढे बल मिळत असेल, तर ही गाडी जास्तीत जास्त दर सेकंदाला 4.5 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास वेगवाढ मिळवते. आता स्वार 30 सेंटिमीटर पुढे सरकला, तर एकूण गुरुत्वमध्य सुमारे 9 सेंटिमीटर पुढे येतो, मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि वेगवाढ 3.9 पर्यंत उतरते. तीन सेकंदांत या फरकामुळे सुमारे अडीच मीटरहून अधिक नुकसान होते, म्हणजे जवळजवळ दीड गाडी. सैल मातीत मागे बसणे हेच योग्य, असा याचा अर्थ.

घट्ट, ओलसर जमिनीवर मात्र हेच गणित उलटते. तिथे पकड एवढी मिळते की अडचण घसरण्याची उरत नाही, पुढची चाके उचलली जाण्याची होते. उदाहरणातल्या गाडीची पुढची चाके 0.92 जी, म्हणजे दर सेकंदाला सुमारे 9 मीटर प्रति सेकंद, एवढ्या वेगवाढीला जमीन सोडू लागतात. स्वार मागे झुकला तर त्याहून कितीतरी आधीच. चाके हवेत गेली की दिशा हातात राहत नाही आणि स्वाराला थ्रॉटल सोडावा लागतो, आणि मिळालेली आघाडी त्या एका क्षणात जाते. म्हणून तिथे छाती हँडलबारवर आणि कोपरे वर ठेवून पुढे झुकायचे. काही गाड्यांवर पुढचे शॉक अब्सॉर्बर आरंभापुरते दाबून अडकवून ठेवणारी खिटी असते. त्यामुळे पुढचा भाग खाली राहतो, गुरुत्वमध्य उतरतो आणि चाके उचलली जाण्याची मर्यादा थोडी पुढे ढकलली जाते.

या सगळ्याची किल्ली डाव्या हाताच्या दोन बोटांत असते. चाके स्थिर असताना इंजिन मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत असते, आणि क्लचच्या चकत्यांनी घसरत घसरत दोघांचा वेग जुळवायचा असतो. चकत्यांतून जाणारे बल जवळजवळ स्थिर धरले, तर गाडीला ताशी 30 किलोमीटरपर्यंत नेताना जेवढी गतिज ऊर्जा तिला मिळते, साधारण तेवढीच म्हणजे सुमारे 9 किलोज्यूल ऊर्जा क्लचमध्ये उष्णता बनते. पाच-सहा चहाचे चमचे पाणी खोलीच्या तापमानापासून उकळायला एवढी ऊर्जा पुरते, आणि ती एक-दोन सेकंदांत काही चकत्यांवर ओतली जाते. एकदम क्लच सोडला तर चाक माती तोडून गरगरते किंवा इंजिनच बंद पडते. फार हळू सोडला तर चकत्या जळतात आणि वेळ जातो. अनेक स्वार पहिल्याऐवजी दुसऱ्या गियरमध्ये निघतात, कारण त्यात चाकांवर येणारे बल मातीच्या सहनशक्तीच्या जवळ राहते आणि मधला एक गियरबदल वाचतो.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ल तुके येथील हिवाळी शर्यतीत हे सारे नियम थोडे बदलतात. 1975 मध्ये तिएरी साबीन याने सुरू केलेल्या या स्पर्धेत क्वाडसाठी वेगळी शर्यत असते, आणि तिचा आरंभ समुद्रकिनाऱ्यावरच्या लांबलचक सरळ वाटेने होतो. तिथे चाक रुततच पुढे जाते, समोरची वाळू सतत बाजूला लोटावी लागते, त्यामुळे शक्तीही लवकर अपुरी पडते. नागाव किंवा काशीदच्या किनाऱ्यावर ज्यांनी भाड्याची क्वाड चालवली आहे, त्यांना कोरड्या वाळूत थांबून पुन्हा निघताना गाडी कशी रुतते आणि भरतीच्या ओल्या पट्ट्यावर ती कशी हलकी धावते, हे आठवत असेल. ओल्या वाळूच्या कणांमधले पाणी पृष्ठताणाने त्यांना बांधून ठेवते, म्हणून तिथे चिकटपणा निर्माण होतो.

मैदान संपता संपता येणारे पहिले वळण ही शेवटची कसोटी असते. शर्यतीच्या क्वाडची दोन्ही मागची चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असतात. सरळ धावताना हा गुण असतो, कारण एक चाक निसरड्या जागी आले तरी दुसरे ओढत राहते. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते आणि दोघांना सारखेच फिरावे लागते, म्हणून गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरते. स्वार शरीर आत झुकवून, मागचा भाग थ्रॉटलने किंचित घसरवूनच ती वळवू शकतो. त्याच वेळी डावी-उजवीकडे इतर गाड्या हातभर अंतरावर असतात. पुढे जाणाऱ्या चाकाची मागची बाजू वरच्या दिशेने फिरत असते. तिला आपले पुढचे चाक टेकले तर घर्षणाने ते वर ओढले जाते आणि गाडी शेजारच्यावर चढते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मधली जागा भरणारे जाळीचे नळीदार कठडे, ज्यांना नर्फ बार म्हणतात, ते याचसाठी असतात: दुसऱ्याचे चाक त्या खाचेत शिरून आपल्या चाकात अडकू नये म्हणून. वळणाच्या मुखाशी दोन गाड्या बरोबरीने आल्या आणि बाहेरच्या बाजूच्या मातीत पकड उरलेली नाही असे दिसले, तर तिथे अर्धा सेकंद थ्रॉटल सोडून दुसऱ्या क्रमांकावर झाडीत शिरणारा स्वार पुढचे दोन तास शर्यतीत असतो.