लोहाच्या मातीत उपाशी जास्वंद

गेल्या भाद्रपदात जळगावात शेजारच्या अंगणातील जास्वंदीला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या होत्या, आणि घरच्यांना वाटत होते की झाडाला दृष्ट लागली. उसात असे झाले की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. ही लोहाची कमतरता आहे. लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज जात नाही, म्हणून पिवळेपणा शेंड्यापासून सुरू होतो. नत्र कमी पडले असते तर आधी खालची पाने पिवळी पडली असती.

नवल असे की खान्देशची काळी माती बेसाल्ट खडक झिजून बनलेली आहे आणि तिच्यात लोह भरपूर असते. मात्र तिच्यात चुनखडीही असते आणि तिचा सामू (आम्ल-अल्कता मोजणारा पीएच अंक) बहुधा ८ च्या आसपास असतो. सामू एका अंकाने वाढला की फेरिक, म्हणजे गंजासारख्या रूपातील, लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपट घटते, म्हणजे लोह मुळाशेजारी असूनही पाण्यात उतरत नाही. यावर जास्वंदीसारख्या झाडांचा उपाय विलक्षण आहे. त्यांची मुळे हायड्रोजन आयन बाहेर सोडून आसपासची माती किंचित आम्ल करतात, मग मुळाच्या पृष्ठभागावरचे विकर फेरिक लोहाचे फेरस, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारे, रूप करते आणि तेच रूप आत घेतले जाते. गहू ही वाट धरत नाही. त्याची मुळे लोहाला धरून ठेवणारी सेंद्रिय द्रव्ये मातीत सोडतात आणि लोहासकट ती परत शोषून घेतात.

माती सतत ओली राहिली की जास्वंदीचा हा उपाय फसतो. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड चिकट, ओल्या मातीत कोंडतो, पाण्यात विरघळून चुनखडीवर क्रिया करतो आणि बायकार्बोनेट तयार होते. ते मुळाने सोडलेले आम्ल जागीच उदासीन करते. म्हणून पान पिवळे दिसताच जास्त पाणी घालणे हे नेमके उलटे औषध ठरते.

यासाठी रोप आणण्यापूर्वी वाळलेल्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर अनंत, इक्झोरा आणि लिंबू जमिनीत लावण्याचा आग्रह सोडावा. ते कुंडीत, भरपूर कंपोस्ट घातलेल्या मातीत बरे राहतात. बोर, सीताफळ, शेवगा, कडुनिंब आणि बोगनवेल ही मंडळी चुनखडी सोसतात. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि काळ्या मातीला भेगा पडून बारीक मुळे तुटतात, म्हणून नवी लागवड पहिल्या दमदार पावसानंतर करावी आणि उन्हाळ्याआधी आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे.

दुकानात ‘सर्व रोगांवर टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांवर माझा विश्वास नाही. त्यात लोह ईडीटीए या लोहाला धरून ठेवणाऱ्या रसायनाशी जोडलेले असेल तर आपल्या सामूच्या मातीत ते फार काळ टिकत नाही. ईडीडीएचए या तशाच दुसऱ्या रसायनाशी जोडलेले लोह टिकते. नुसते हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकले तर त्यातील फेरस लोह लवकरच पुन्हा फेरिक होऊन अडकते, मात्र पानावर ते काम करते. शेजारच्या जास्वंदीवर मी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागावर संध्याकाळी ब्रशने लावले. आठवड्याभरात तो अर्धा भाग हिरवा झाला, उरलेला पिवळाच राहिला, आणि ते पाहून घरच्यांनी लिंबू-मिरची सोडून आळ्यातले साचलेले पाणी काढून दिले.