जुनी खुर्ची आणि जुन्या घडणीची खुर्ची

"दादा, जुनी हाय का नवी?" लांब हातांची, वेतानं विणलेली आरामखुर्ची दिसली की गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतं. नवी आहे, मी केली आहे, म्हटलं की चेहरा उतरतो. कोल्हापुरातल्या माझ्या छोट्या कारखान्यात दोन्ही तऱ्हेच्या खुर्च्या शेजारी-शेजारी असतात: एक शतकापूर्वीची, दुरुस्त केलेली, दुसरी तिच्याच मापानं यंदा घडवलेली. नवी म्हणजे नकली नव्हे, हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं.

आधी शब्द. बाजारात पन्नास वर्षांच्या टेबलालाही 'अँटिक' म्हणतात. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात मात्र अशा वस्तूचं वय किमान १०० वर्षं धरलं आहे, आणि पुरावस्तू कुणाला खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे नवी वस्तू जुनी म्हणून विकणं ही नुसती थाप राहत नाही, घेणाऱ्याला ती पुढे अडचणीत आणते.

ओळखायचं कसं? पुढून बघू नका, वस्तू उलटी करा. ड्रॉवरच्या तळाच्या खालच्या बाजूनं बोटं फिरवा. हातरंध्याच्या उथळ लाटा बोटांना लागतात, मशीनवर काढलेली फळी सपाट लागते. पण ही खूण पुरेशी नाही, कारण मीही रंधा हातानंच मारतो आणि सांधे पटाशीनंच काढतो. माझ्या हाताला जे जमत नाही ते काळ करतो. लाकूड रेषेच्या, म्हणजे त्यातल्या उभ्या धाग्यांच्या, आडव्या दिशेनं आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून खऱ्या जुन्या गोल टेबलाला दोन दिशांनी टेप लावला की मापात थोडा फरक निघतो. गोल किंचित लांबट झालेला असतो. झीजही बघा. जिथं तळहात टेकतात, टाचा घासतात, तिथंच ती हवी. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कुणीतरी पॉलिशपेपर फिरवलाय. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकातला. शंभर वर्षांच्या म्हणवणाऱ्या खुर्चीत तो दिसला तर एकतर दुरुस्ती झाली आहे, नाहीतर वय खोटं आहे.

सगळ्यात फसवं असतं ते जुन्या लाकडाचं नवं काम. वाडे पाडताना निघालेलं सागवान मी आनंदानं घेतो. ते पुरतं वाळलेलं असतं. खिळ्यांची बुजवलेली भोकं, मुरलेला रंग, सगळं खरं. पण लाकूड जुनं म्हणून खुर्ची जुनी होत नाही.

सरसाचा, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदाचा, फरक मला महापुरानं शिकवला. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर जुन्या खुर्च्या सुट्या होऊन माझ्याकडे आल्या. सरस पाण्यानं सुटला होता, सागवान शाबूत होतं. सावलीत सावकाश वाळवून, सांधे साफ करून, पुन्हा सरस लावून त्या उभ्या राहिल्या. प्लायची कपाटं मात्र पदर सुटून फुगली होती. तेव्हापासून नव्या खुर्चीच्या सांध्यांनाही मी सरसच वापरतो. फेव्हिकॉलचा सांधा पक्का असतो, पण चाळीस वर्षांनी खोलायला गेलं तर लाकूड फाटतं.

किमतीत लोकांचा गोंधळ होतो. जुन्या वस्तूत तुम्ही वयाचे पैसे देता, माझ्या कामात लाकडाचे आणि दिवसांचे. लाखेचं पॉलिशच फडक्याच्या बोळ्यानं थरावर थर द्यावं लागतं, मध्ये वाळू द्यावं लागतं. पावसाळ्यात तर हात बांधून बसावं लागतं, ओल धरली की पॉलिश पांढुरकं होतं. पण नव्या खुर्चीत बैठक तुमच्या गुडघ्याच्या मापाची करता येते. जुनीची उंची बदलायला मी तयार नसतो, आणि तिचं मूळ पॉलिश खरवडून काढायलाही.

आकार शिकायला मी न्यू पॅलेस या कोल्हापूरच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात जातो. १८८४मध्ये पुऱ्या झालेल्या त्या वास्तूत हातांची वळणं, पायांचा निमुळतेपणा डोळ्यांनी मोजता येतो. तिथलं वळण मी उचलतो, तारीख उचलत नाही. माझ्या प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली पटाशीनं साल कोरलेलं असतं. पैसे देण्याआधी खुर्ची उलटी करून ते वाचून घ्या.