संत सावा कोणत्या वारी वारले?

सर्बियन चर्चचे पहिले आर्चबिशप संत सावा 27 जानेवारी 1235 रोजी वारले, असं इंटरनेटवर सर्रास लिहिलेलं असतं. मूळ तारीख आहे ज्युलियन 14 जानेवारी, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन पंचांगाआधीच्या जुन्या पंचांगातली. तिच्यात 13 दिवस मिळवले की 27 येते, पण 13 दिवसांचा फरक 1900 नंतरचा; तेराव्या शतकात तो 7 दिवसांचा होता. म्हणजे आजच्या हिशेबाने 21 जानेवारी. त्यांचा सण हल्ली 27 ला येतो ते मात्र बरोबर, कारण सर्बियन चर्च अजून ज्युलियन पंचांगच पाळतं. 2101 पासून तो 28 ला येईल.

खरा वाद वर्षाचा आहे: 1235 की 1236? पूर्वेच्या यात्रेहून परतताना सावा बल्गेरियातल्या तर्नोवोत वारले. तिकडच्या जुन्या पोथ्यांत साल मोजतात सृष्टीच्या उत्पत्तीपासून, आणि वर्ष बदलतं 1 सप्टेंबरला. म्हणून जानेवारी ते ऑगस्टसाठी 5508 वजा करायचे, सप्टेंबर ते डिसेंबरसाठी 5509. जानेवारी 6743 म्हणजे 1235. इथे 5509 वजा केले की वर्ष चुकलंच. शिवाय आकडे अक्षरांनी लिहायचे: ‘ग्लागोल’ म्हणजे 3, ‘दोब्रो’ म्हणजे 4. नकलताना एक अक्षर बदललं की 6743 चं 6744.

अशा वेळी वार कामी येतो. आपल्याकडे ताम्रपटातल्या तिथीशी वार जुळवून पाहतात, तसंच. चरित्रकार सांगतात, मृत्यू शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री झाला. चर्चचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, म्हणजे ही रात्र रविवारची. ज्युलियन पंचांगात दर 28 वर्षांनी तारीख-वार जसेच्या तसे परत येतात. 28 गुणिले 28 म्हणजे 784. 1235 मध्ये मिळवा, 2019 येतं. ज्युलियन 14 जानेवारी 2019 म्हणजे आपली 27 जानेवारी, इथे 13 चा फरक चालतो. मोबाईलमध्ये बघा: रविवार. 1236 साठी 27 जानेवारी 2020 बघा: सोमवार. कौल 1235 ला. फक्त एक मेख आहे. रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा वार, तेव्हा भाविक चरित्रकाराला संताचा मृत्यू रविवारीच हवासा वाटणार.

पुढची तारीख 6 मे 1237. पुतण्या राजा व्लादिस्लाव याने त्यांचा देह तर्नोवोहून सर्बियातल्या मिलेशेवा मठात आणला. संत म्हणून पूजा रुजली ती इथे. कबर उघडली तर देह जसाच्या तसा होता, असं चरित्रं सांगतात. संतचरित्रात हे वाक्य ठरलेलंच असतं. कालनिर्णयाला त्याचा काडीचा उपयोग नाही. कार्बन चाचणीही करता येणार नाही, आणि केली असती तरी तिच्या दशकांच्या चुकीत 1235 आणि 1236 वेगळे करता आले नसते. अवशेष उस्मानी सेनापती सिनान पाशाने बेलग्रेडला नेऊन जाळले. कोणत्या साली? 1594 की 1595, तिथेही वाद आहेच.